सवडीनं बघा

त्या दिवशी दुपारी जेवणाचं ताट घासून ठेवलं, पदराला हात पुसले आणि फोन उचलला, तर माझ्याच फोटोभोवती काळी चौकट आलेली होती.

फोटो ओळखीचा. मुलानं पुण्याला बागेत काढलेला, अबोली साडीतला. उन्हामुळं माझा एक डोळा किंचित मिटलेला आहे त्यात. वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दोन बाजूंना दोन समया. खाली माझं नाव, सासरचं आणि माहेरचं, दोन्ही न चुकता: श्रीमती द्वारका वसंतराव खराडे, माहेर शेळके, उदगाव. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत, 'शुभेच्छुक: समस्त शेळके भावकी'.

तळाची ओळ वाचली आणि उलगडा झाला. त्या दिवशी माझा वाढदिवस होता, एकाहत्तरावा.

आमच्या भावकीतला रणधीर जयसिंगपुरात फ्लेक्सचे बोर्ड छापतो. भावकीत कुणाचा वाढदिवस असो की कुणी जावो, बोर्डासारखंच चित्र करून तो ग्रुपवर टाकायचा. आदल्याच आठवड्यात त्यानं कुणा म्हाताऱ्याला श्रद्धांजली वाहिली होती. त्याच चित्रात माझा फोटो आणि नाव घातलं, तळाची ओळ बदलली आणि वरची तशीच राहिली. चित्र पाठवून तो एका लग्नाची कमान उभारायला वाडीकडं गेला, आणि फोन त्याच्या गाडीच्या डिकीत पडून राहिला. हे सगळं मागाहून कळलं. दुपारी मला एवढंच दिसत होतं, की मी सकाळी फोन ठेवल्यापासून त्या चित्राखाली माणसं हात जोडत होती आणि तळाची ओळ एकानंही वाचली नव्हती.

मी हसले. घरात एकटीच होते, तरी मोठ्यानं हसले. 'अरे रणधीर, डोळे उघडून काम कर' असं लिहायला घेतलंसुद्धा. मग म्हटलं, आधी वाचू तरी कोण काय लिहितंय.

हा फोन मला यजमान गेल्यावर मुलानं आणून दिला होता. नातवानं शिकवला. खोटं कशाला बोलू, त्या फोननं मला माझं माहेर परत दिलं होतं. आमची शेती, आमचा आड, वाड्यावरच्या माणसांची नातवंडं, कुणाच्या दारातली रांगोळी, कुणाच्या म्हशीचं रेडकू, सगळं कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर बसून दिसायचं. सकाळी उठून देव्हाऱ्याआधी मी फोन बघायची. कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन, सगळ्यांच्या आधी मला कळायचं आणि सगळ्यांच्या आधी मी लिहायची. त्याचा मला अभिमान होता.

तर मी चष्मा लावला आणि सोफ्यावर बसून माझी श्रद्धांजली वाचली.

'प्रेमळ आत्या हरपल्या.' हे लिहिणारा पुतण्या कोल्हापुरात राहतो आणि माझं घर त्यानं पाहिलेलं नाही. 'त्यांच्या हातच्या कटाच्या आमटीची चव विसरणं अशक्य.' कटाची आमटी मी कधीच धड केली नाही, ती आमच्या आईची. एकीनं लिहिलं होतं, 'काल-परवाच बोलणं झालं होतं,' आणि झालेलं नव्हतं. पण कुणी लिहिलं होतं, 'माझ्या दहावीला यांनीच अभ्यास घेतला,' आणि तेवढं खरं होतं. ते वाचून मला भरून आलं. आपल्या पाठीवरून कुणी हात फिरवतंय असं वाटत होतं. मी खाली खाली जात राहिले. आणि जाता जाता कळलं, की मी एक नाव शोधते आहे.

माझ्या भावाच्या घरातून काहीच आलेलं नव्हतं.

माझा थोरला भाऊ, तात्या, त्याआधी दोन वर्षं मिरजेच्या दवाखान्यात वारला होता. मी आणि सगुणावहिनी, दोघीच तिथं होतो. त्यांचा मुलगा प्रताप दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. तो त्या वेळी मुंबईहून परत निघाला होता. वहिनी डॉक्टरांशी बोलत होती, रडतसुद्धा नव्हती. प्रतापला गाडी चालवताना सांगायचं नाही, डेअरीच्या माणसाकडून त्याला कुठंतरी थांबवायचं, सोबत कुणीतरी द्यायचं, अशी तिची धडपड चालली होती. मी बाहेरच्या बाकावर होते. मी फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं, 'आमचे तात्या आपल्यात राहिले नाहीत.' लगेच माणसांचे जोडलेले हात येऊ लागले. त्या दवाखान्यात मला तेवढाच आधार वाटला.

प्रताप खंबाटकी घाटाच्या अलीकडं चहाला थांबला होता. त्यानं तिथं वाचलं. मग एकट्यानं भरल्या डोळ्यांनी तो टँकर घाटातून घेऊन आला.

दहाव्याला वहिनी मला म्हणाली होती, "वन्सं, बाप गेल्याचं पोराला आईनं सांगायचं असतं."

मी म्हणाले होते, "मग कळवायचंच नाही काय कुणाला?"

तेवढंच बोलणं. प्रतापनं ग्रुप सोडला. वहिनीकडं फोन नव्हताच. त्या घरातली तिची नात ऋतुजा तेवढी ग्रुपवर राहिली, पण लिहायची नाही. दोन वर्षं आमचं येणं-जाणं बंद होतं. त्यांचं काही चुकलंय अशी माझी पक्की समजूत होती, आणि ती मी भावकीत चार जणींना सांगितलीही होती.

आता मी म्हणाले, बघू तरी. मी मेल्यावर तरी त्या घरातून दोन हात जुळतात का.

फोन वाजला. सांगलीची चुलतबहीण. मी वाजू दिला. कुणीतरी घरचं उचलेल आणि किती वाजता नेणार विचारता येईल, यासाठी ती करत असणार. वाजून वाजून थांबला. मग एक अनोळखी नंबर दोनदा वाजला. तोही मी उचलला नाही. फोन घट्ट हातात धरून बसले होते, आणि वाजायचा थांबला की परत ग्रुप उघडून बघत होते. माणसं आता एकमेकांना विचारत होती, 'अंत्यविधी कुठे?' मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, अजून जरा.

ऋतुजाचं नाव येत नव्हतं. माझा रागही वाढत चालला होता. म्हटलं, बाई मेली तरी यांना दोन शब्द सुचेनात.

बेल वाजली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मला वाटलं, खालच्या मजल्यावरची पोरं. दार उघडलं तर सगुणावहिनी.

तीन जिने चढून ती भिंतीला टेकली होती. गुडघ्यांनी तिला कधीचं जेरीला आणलं होतं. मागं ऋतुजा, कॉलेजची सॅक पाठीला, हातात एक कापडी पिशवी. वहिनीनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"हाईसा," ती म्हणाली.

तिनं विचारलं नाही. म्हणाली. आणि चप्पल काढून आत आली.

"जिनं लई तुमचं. आधी पाणी द्या."

मेलेलं माणूस दार उघडतं आणि ही पाणी मागते. ना दचकली, ना रडली. मला तेव्हा वाटलं, काळजाची घट्टच आहे ही. मी पाणी आणायला आत गेले. आतूनच मी बोलायला सुरुवात केली. म्हणाले, हे काय झालं मला काही माहीतच नाही बघा वहिनी, फोन आत चार्जिंगला लावला होता आणि माझा डोळा लागला. दोन-तीनदा सांगितलं. बाहेर येऊन बघते, तर फोन सोफ्यावर, माझ्या चष्म्याशेजारी, उजेडासकट पडलेला. पडद्यावर माझा फोटो.

ऋतुजानं फोनकडं पाहिलं, मग आजीकडं.

"लागतो की," वहिनी म्हणाली. "दुपारचा डोळा लागतोच."

आणि पाणी प्याली.

मी ऋतुजाला म्हणाले, तुला कसं कळलं गं. ती म्हणाली, "कॉलेजात असताना बघितलं, आत्याआजी. तिथनं पळत घरी गेले. मैत्रिणी म्हणत होत्या फोन कर घरी, पण आजीला असं फोनवर सांगायचं नाही ना." ती घुटमळली. "मग आजी म्हणाली, साडेबाराची एसटी मिळते."

"जेवला नसाल तुम्ही."

"मयताच्या घरी कोण जेवून जातं व्हय," वहिनी म्हणाली, आणि पहिल्यांदाच जराशी हसली.

मी चहा ठेवला. पोह्यांसाठी कांदा घेतला. पाठ त्यांच्याकडं होती, म्हणूनच कदाचित ते माझ्या तोंडून गेलं.

"सगळ्यांनी लिहिलं, वहिनी. तुमच्या घरचंच कुणी काही लिहिलं नाही."

बोलून गेले आणि सुरी हातात तशीच राहिली. डोळा लागलेल्या बाईला कुणी लिहिलं आणि कुणी नाही, हे कुठून कळणार. पातेल्यातलं पाणी उकळायला लागल्याचा आवाज येत होता.

मग वहिनीचाच आवाज आला, नेहमीसारखा.

"आमच्यात लिवत न्हाईत, वन्सं. तुमच्या भावाला नेलं तवापास्नं. आधी जायाचं, तोंड बघायचं. मग काय ते."

मी विचारलं, "प्रताप?"

"टँकरवर हाय. त्याला सांगितलं न्हाई अजून. म्हटलं, आपण बघून येऊ. मग घरात बसवून सांगू."

मी कांदा चिरत राहिले. पोह्याला एवढा कांदा लागत नाही, पण वळून बघायची माझी ताकद नव्हती.

पोहे खाताना ती म्हणाली, आता त्या ग्रुपवर काय ते टाका, माणसं निघाली असतील, उगा कुणाचा वाटखर्च. माझ्या बोटांना अक्षरं सापडेनात. ऋतुजानं मग आम्हा दोघींचा, हातात चहाचे कप घेतलेला फोटो काढला आणि टाकला. खाली लिहिलं, 'आत्याआजी ठणठणीत आहेत. आज त्यांचा वाढदिवस आहे.' ज्यांनी सकाळी हात जोडले होते त्यांनीच मिनिटभरात केकची चित्रं पाठवली. एका काकांनी वर न वाचता पुन्हा श्रद्धांजलीच वाहिली. ऋतुजा हसून हसून लाल झाली आणि मीही हसले. वहिनी म्हणाली, "काय लिवलंय?" ऋतुजानं वाचून दाखवलं. वहिनी म्हणाली, "त्यास्नी ऱ्हाऊ दे तसंच. पुढं उपेगी पडंल."

तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. कुणीतरी त्याचा नंबर शोधून काढला होता. तो गाडी काढून कोल्हापूरला निघालाच होता. मी त्यालाही तेच सांगितलं, फोन आत होता, डोळा लागला होता. समोर वहिनी कपाच्या तळातला चहा बशीत ओतत होती. तिनं मान वर केली नाही.

निघताना तिनं ऋतुजाच्या हातातली कापडी पिशवी घेतली आणि टेबलावर ठेवली.

"ही ठेवा. सवडीनं बघा."

पिशवीचा आकार मला आल्या आल्याच दिसला होता. आत चौकोनी घडी, कागदात बांधलेली. आमच्याकडं बाई गेली की तिच्या माहेरचं लुगडं अंगावर घालून तिला नेतात. ते आणायचं असतं माहेरच्या माणसानं. आणि नेलेलं परत न्यायचं नसतं, हेही मला माहीत होतं. माझं माहेर म्हणजे आता ही एकटी बाई. दोन वर्षं मी जिला नावं ठेवली, ती गुडघे धरून तीन जिने चढून माझं शेवटचं लुगडं घेऊन आली होती, आणि मी सोफ्यावर बसून तिच्या घरातून कुणी हात जोडले का ते बघत होते.

माफी मागायला मी तोंड उघडलं. "वहिनी, तात्यांच्या वेळी मी..."

"असू दे," ती म्हणाली. "पोहं बरं झालतं. कांदा जरा जास्त."

ती पिशवी मी उघडली नाही. माझं धाडसच झालं नाही. कपाटाच्या वरच्या फडताळात, शालीखाली ठेवून दिली. पुढं सून पुण्याहून आली तेव्हा तिला दाखवून ठेवलं, की माझ्यानंतर ही काढायची, माझ्या माहेरची आहे.

त्यानंतर येणं-जाणं पुन्हा सुरू झालं. मी उदगावला जायची, ती कधीमधी माझ्याकडं यायची. आली की माझ्या नेसूच्या साडीकडं बघायची. "ह्ये कुठनं घेतलं?" म्हणायची. मी सांगायची, मुलानं दिलं, सुनेनं दिलं. "बरं हाय," म्हणायची. दिवाळीला, संक्रांतीला, प्रतापच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, दर वेळी. मला वाटायचं, बायकांची सवय. एकदा म्हणाली, "तुम्हास्नी जांभळा रंग आवडत न्हाई काय हो?" मी म्हणाले, आवडतो की.

चार वर्षांनी ती गेली. मला प्रतापचा फोन आला, तोही सगळ्यांच्या आधी, "आत्या, बसलाय का? बसा," असं म्हणून. मी गेले. तिच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं. लुगडं तिच्याच ट्रंकेतून काढलं, पांढरं, कोरं, घडी न मोडलेलं. मला वाटलं, किती तयारीची बाई, स्वतःचं आधीच आणून ठेवलंय. मीच ते तिच्या अंगावर पसरलं.

गेल्या वर्षी ऋतुजाचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन ती स्वतः आली. चहा घेताना म्हणाली, "आत्याआजी, एक मागू? आजीनं दिलेली ती जांभळी इरकल नेसून या लग्नाला."

मी म्हणाले, कुठली जांभळी.

"ती नाही का. तुमच्या वाढदिवसाला आलो होतो तेव्हाची."

ती उठली. फडताळ मी दाखवलं, पिशवी तिनंच काढली. कागदाची दोरीसुद्धा तशीच होती. आत गर्द जांभळी सहावारी इरकल, लाल टोपपदराची, आणि तिच्यात घडी घालून ठेवलेला ब्लाउजपीस.

मेलेल्या बाईला ब्लाउजपीस लागत नाही.

ऋतुजा खाली बघून बोलत होती. एसटीत ती रडत होती आणि सहज म्हणून माझा फोटो बघायला तिनं माझा नंबर उघडला, तर नावाखाली 'ऑनलाइन' दिसलं. तिनं आजीला दाखवलं. आजी म्हणाली, घरातल्या कुणाच्या हातात असंल. मग ऋतुजानं तिच्याच फोनात असलेल्या वडिलांच्या जुन्या सिमवरून दोनदा फोन लावला. उचलला नाही, पण वाजून थांबला की परत 'ऑनलाइन'. हातकणंगले आलं होतं.

"आजी बराच वेळ खिडकीतनं बाहेर बघत होती," ऋतुजा म्हणाली. "मग म्हणाली, वन्सं हाईत. बसल्यात वाट बघत. मी म्हटलं, मग उतरू या, परत जाऊ. तर म्हणाली, मेल्या म्हणून निघालो होतो, जित्या हाईत म्हणून परत फिरायचं व्हय गं?"

जयसिंगपुरात घेतलेलं पांढरं लुगडं तिच्या मांडीवर होतं. कोल्हापुरात स्टँडजवळच्या दुकानात तिनं ही साडी घेतली आणि पिशवीत पांढऱ्याच्या जागी ठेवली. पांढरं ऋतुजाच्या सॅकमधून परत उदगावला गेलं, तिच्या ट्रंकेत.

"सांगू नको असं मला म्हणाली होती. वन्संस्नी वाईट वाटंल. उघडली की कळंल त्यांचं त्यांना, म्हणाली." तिनं त्या दोरीकडं पाहिलं. "तुम्ही उघडलीच नाही?"

मी साडी उलगडायला घेतली, तर मधल्या घडीवर रेशीम विरलेलं होतं. बोट लावलं तशी चीर आणखी वाढली. एवढी वर्षं घडी मोडली नाही की असंच होतं.

लग्नाला मी तीच नेसले. विरलेला भाग निऱ्यांत घेतला. मांडवात रणधीर सगळ्यांचे फोटो काढत फिरत होता. माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "आत्या, नवी साडी?"

"वाढदिवसाची," मी म्हणाले, आणि निऱ्यांवर हात धरून बसले.